बैरा गस्त (१९६६-१९७५) : सागरी निर्बंध आणि त्यांतील पळवाटा

११ नोव्हेंबर १९६५ रोजी इयान स्मिथ यांच्या गोऱ्या अल्पसंख्याक सरकारने दक्षिण ऱ्होडेशियाचे स्वातंत्र्य एकतर्फी घोषित केले. लष्करी कारवाई टाळून ब्रिटनने आर्थिक निर्बंधांचा मार्ग पत्करला. जानेवारी १९६६ मध्ये लागोसच्या राष्ट्रकुल परिषदेत पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी हे बंड महिन्यांत नव्हे तर आठवड्यांत संपुष्टात येईल, असा विश्वास व्यक्त केला होता. प्रत्यक्षात ते १९७९ पर्यंत टिकले. असे का झाले, याचे एक उत्तर सागरी वाहतुकीच्या इतिहासात सापडते.

ऱ्होडेशियाला समुद्रकिनारा नव्हता. पोर्तुगीज मोझांबिकमधील बैरा बंदरातून उमतालीजवळच्या तेलशुद्धीकरण कारखान्यापर्यंत तेलवाहिनी होती. हा मार्ग बंद करण्यासाठी मार्च १९६६ पासून ब्रिटिश नौदलाने गस्त सुरू केली. तथापि, एप्रिलच्या आरंभी ‘जोआना व्ही’ हे ग्रीक ध्वजाचे तेलवाहू जहाज युद्धनौकेला न जुमानता बैरात दाखल झाले. कारण खुल्या समुद्रात परकीय जहाजावर बळ वापरण्याचा अधिकार ब्रिटनला नव्हता. तो ९ एप्रिल रोजी सुरक्षा परिषदेच्या ठराव क्रमांक २२१ ने मिळाला. दुसऱ्याच दिवशी ‘मॅन्युएला’ हे जहाज परत फिरविण्यात आले. ‘जोआना व्ही’वरील तेलही बैरात उतरले नाही.

मात्र बळाचा हा अधिकार केवळ बैरापुरता होता. दक्षिणेकडील लोरेन्सो मार्किस बंदर मोकळेच राहिले. तेथून तेल रेल्वेने ऱ्होडेशियात जात राहिले. दक्षिण आफ्रिकेशी आर्थिक संघर्ष ब्रिटनला नको होता, ही बाब येथे दुर्लक्षिता येत नाही.

खरी पळवाट समुद्रात नव्हती, ती कागदोपत्री होती. सप्टेंबर १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बिंगहॅम अहवालानुसार शेल व बीपी यांच्या आफ्रिकेतील उपकंपन्यांमार्फत तेल ऱ्होडेशियाला पोहोचत होते. १९६८ मध्ये अदलाबदलीची युक्ती योजण्यात आली. ऱ्होडेशियाच्या ग्राहकांना फ्रेंच कंपनी टोटलने तेल द्यावे आणि तिला तितकेच तेल दक्षिण आफ्रिकेत परत मिळावे, अशी ही व्यवस्था होती. त्यामुळे ब्रिटिश कंपनीचे तेल ऱ्होडेशियात जात नाही, असे सांगणे शब्दशः शक्य झाले. ब्रिटिश मंत्री जॉर्ज थॉमसन यांना कंपन्यांनी या व्यवस्थेची कल्पना दिलेली होती. म्हणजे एकाच सरकारचे नौदल बैरासमोर जहाजे तपासत होते आणि त्याच सरकारला दुसऱ्या वाटेची माहिती होती.

जून १९७५ मध्ये मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर गस्त उठविण्यात आली. बिंगहॅम अहवालानंतर तेल कंपन्यांवर खटला भरण्यात आला नाही.