कर नागरिकत्वाचा, वास्तव्याचा नव्हे

बहुतेक देश प्राप्तिकर आकारताना व्यक्तीचे वास्तव्य पाहतात. अमेरिका नागरिकत्वही पाहते. अमेरिकी नागरिक पुण्यात राहो वा पॅरिसमध्ये, त्याचे जगभरातील उत्पन्न अमेरिकी करकायद्याच्या कक्षेत येते. ग्रीन कार्डधारकांनाही सर्वसाधारणपणे हाच नियम लागू आहे.

या प्रथेचे मूळ अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळातील करकायद्यांत आहे. मेक्सिकोत स्थायिक झालेल्या कुक नावाच्या नागरिकाने अशा आकारणीला आव्हान दिले होते. मात्र, नागरिकत्वाचे लाभ देशाबाहेरही मिळतात, सबब कराचा अधिकारही तेथवर पोहोचतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९२४ मध्ये दिला.

दुहेरी कराचा बोजा टाळण्यासाठी दोन प्रमुख तरतुदी आहेत. पहिली, परदेशातील वेतन वा व्यवसायाच्या उत्पन्नावरील सूट. २०२५ या करवर्षासाठी तिची कमाल मर्यादा १ लाख ३० हजार डॉलर होती. कामाचे मुख्य ठिकाण परदेशात असणे आणि सलग बारा महिन्यांत किमान ३३० पूर्ण दिवस परदेशात राहणे, हा पात्रतेचा एक मार्ग आहे. व्याज, घरभाडे व लाभांश यांना ही सूट मिळत नाही. दुसरी तरतूद म्हणजे परदेशात भरलेल्या प्राप्तिकराची अमेरिकेतील देय करातून वजावट. या तरतुदींमुळे अनेकांचा देय प्राप्तिकर शून्यावर येतो. परंतु त्यासाठी विवरणपत्र भरावेच लागते. परदेशस्थांना त्याकरिता १५ जूनपर्यंत मुदत मिळते. थकीत करावरील व्याज मात्र १५ एप्रिलनंतर सुरू होते.

परदेशी बँक खात्यांतील एकूण रक्कम वर्षात कधीही १० हजार डॉलरहून अधिक झाल्यास स्वतंत्र अहवाल द्यावा लागतो. तो न दिल्यास, कर देय नसला तरी, जबर दंड होऊ शकतो. २०१० च्या ‘फॅटका’ कायद्यामुळे परदेशी बँकाही अमेरिकी खातेदारांची माहिती कळवतात. भारताने यासंबंधीचा करार २०१५ मध्ये केला.

अमेरिकेत जन्मलेली आणि पालकांसह मायदेशी परतलेली अनेक मराठी मुले जन्माने अमेरिकी नागरिक आहेत. ‘ओसीआय’ कार्डाने त्यांचे अमेरिकी नागरिकत्व संपत नाही. नोकरीचा पहिला पगार पुण्यात मिळाला, तरी उत्पन्न विहित मर्यादेपलीकडे गेल्यावर विवरणपत्राची जबाबदारी त्यांच्यावर येते. भारतीय म्युच्युअल फंडांतील गुंतवणुकीलाही अमेरिकेचे क्लिष्ट आणि अनेकदा महागात पडणारे नियम लागू होतात. म्हणूनच मुलांच्या नावे गुंतवणूक करण्यापूर्वीच जाणकाराचा सल्ला घेणे हिताचे ठरते.