कल्याणच्या ३२ तबकड्या

मुलुंडहून कल्याण लोकल धरली की मला १९६५ साल आठवतं. माझ्या जन्माआधीचं, तरी आठवतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नुकत्याच आलेल्या गोविंद स्वरूप यांनी त्या वर्षी कल्याणला रेडिओ दुर्बीण उभी केली. ऑस्ट्रेलियाकडून भेट मिळालेल्या, जेमतेम सहा फुटांच्या ३२ तबकड्या: २४ पूर्व-पश्चिम रांगेत, ८ दक्षिणोत्तर. त्यांचं काम एकच, ६१० मेगाहर्ट्झवर सूर्य ऐकायचा.

सूर्याच्या चुंबकीय रेषा तुटून पुन्हा जुळतात तेव्हा भडका उडतो. लाल खुज्या ताऱ्यांवरही हेच घडतं, पण फार त्वेषानं. १९४८ साली यूव्ही सेटी हा तारा अवघ्या काही मिनिटांत कित्येक पट उजळला आणि निरीक्षक थक्क झाले. सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी, ४.२४ प्रकाशवर्षांवरचा प्रॉक्झिमा सेंटॉरी, असाच भडक माथ्याचा. मुंबईहून तो क्षितिजापासून नऊ अंशही वर चढत नाही, आणि नुसत्या डोळ्यांना तर कुठूनच दिसत नाही.

म्हणून मला २०१७ची गोष्ट मोलाची वाटते. त्या वर्षी भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहानं अंतराळातून प्रॉक्झिमा न्याहाळला. त्यावरची मृदू क्ष-किरण दुर्बीण टाटा संस्थेतच घडली होती, कल्याणच्या तबकड्या ज्या घरच्या, त्याच घरची.

गाडी ठाकुर्ली सोडते. मी खिडकीकडे सरकतो.