खोली आहे, पण आडनाव काय?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आपल्याकडे घरोघरी एकच चर्चा. कुठे जायचं आणि कुठे उतरायचं? कासच्या वाटेवर, बामणोली-तापोळ्याला शिवसागराच्या काठावर, पाचगणी-महाबळेश्वरला, नाहीतर घाट उतरून कोकणात. हॉटेल महाग पडतं, शिवाय पोरांना मोकळं अंगण लागतं. मग कुणाच्यातरी घराच्या दोन खोल्या बघायच्या. संध्याकाळी पोचायचं, पिशव्या कोपऱ्यात टाकायच्या, पोरांनी कुठला पलंग कुणाचा यावरून भांडायचं, आजीने बाथरूममध्ये गरम पाणी येतं का ते आधी बघायचं, आणि मालकीणबाईंनी विचारायचं, "चहा टाकू का सगळ्यांना?" परक्या गावात अर्ध्या तासात घर झाल्यासारखं वाटतं. हे सुख आज इतकं साधं झालंय की त्याला काही इतिहास असेल असं मनातसुद्धा येत नाही.

पण आहे. आणि त्यातलं एक पान तर आपल्याच जिल्ह्यातलं आहे.

रेल्वेच्या आधी आपल्याकडचा प्रवासी उतरायचा तो ओळखीवर. ओळख म्हणजे जात, गाव, गोत. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेकडे गेले, त्या प्रवासाची हकिगत 'माझा प्रवास' या पुस्तकात आहे. अनोळखी मुलखात त्यांना आसरा मिळत गेला तो बराचसा भिक्षुकी आणि जातबांधव यांच्या जोरावर. क्षेत्राच्या ठिकाणीही तेच. त्र्यंबकेश्वर, नाशिकला उपाध्यांच्या वह्यांत घराण्यांच्या नोंदी असत. यजमान आला की वही उघडायची, आजोबा-पणजोबांचं नाव काढायचं आणि राहण्याजेवण्याची सोय लावायची. पंढरपुरात आषाढीला घरमालक खोल्या रिकाम्या करून वारकऱ्यांना देतात, तेही जुनंच. म्हणजे 'होमस्टे' हा शब्द नवा, धंदा नवा नाही.

या व्यवस्थेत माया होती, नाही असं नाही. पण वही उघडल्यावर ज्याचं नाव सापडायचं नाही, त्याने कुठे जायचं?

रेल्वे आली आणि हे गणित हललं. १८५३ ला मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली, पुढे रूळ पसरत गेले, आणि ओळखपाळख नसलेली माणसं रोज परगावी उतरायला लागली. इंग्रज सरकारने १८६७ मध्ये सरायांचा कायदा केला. सराय चालवायची तर जिल्हाधिकाऱ्याकडे नोंद करा, खोल्या-पडव्या झाडून ठेवा, प्रवाशांच्या पाण्याची विहीर साफ ठेवा, असा त्याचा रोख होता. साहेबांसाठी डाकबंगले होतेच. शहरांत लॉजिंग-बोर्डिंग निघाले. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळचं सरदारगृह हे त्यातलं एक नावाजलेलं ठिकाण. लोकमान्य टिळक मुंबईत तिथे उतरत, आणि १ ऑगस्ट १९२० ला त्यांनी शेवटचा श्वास घेतला तोही सरदारगृहातच.

पैसे टाका, खोली घ्या. ऐकायला किती सरळ!

आता आपल्या जिल्ह्यातलं ते पान. साल १९०१. साताऱ्यात शिकणारा नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा भावाभाच्यांसोबत उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांकडे निघाला. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार होते. पोरांच्या अंगावर नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरं. पहिल्यांदाच रेल्वेत बसायचं म्हणून कोण आनंद! गाडीतून उतरले ते आपल्या मसूर स्टेशनवर. न्यायला कुणीच आलं नव्हतं, कारण पत्र पोचलं होतं पण नोकर ते वडिलांना द्यायला विसरला होता. स्टेशनमास्तरने आधी आपुलकीने चौकशी केली. कपड्यांवरून त्याला ही ब्राह्मणाची पोरं वाटली. जात कळली तसा तो मागे सरला.

बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं ठरलं आणि अटही ठरली: गाडी पोरांनी हाकायची, गाडीवान बाजूने चालणार. रात्री टोलनाक्यावर पोचले. डब्यात जेवण होतं, पण पाणी नव्हतं. पाणी मिळावं म्हणून आपण मुसलमान आहोत असंही त्या पोराने सांगून बघितलं. तरी पाणी मिळालं नाही. भरल्या डब्याशेजारी पोरं उपाशी झोपली.

तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. हे सगळं त्यांनीच पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवलंय. मसूरवरून आपण आठवड्यातून चारदा जातो, किती जणांना हे माहीत आहे?

पुढे १९१७. हाच मुलगा कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला आला. बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती, संस्थानाचीच नोकरी. पण राहायचं कुठे? हिंदू खाणावळीत जागा मिळणार नाही हे माहीत होतं. एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव लावून, रोजचा दीड रुपया भाडं देऊन राहिले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी लाठ्या घेऊन दारात उभे. संध्याकाळपर्यंत जागा खाली कर! ओळखीच्या दोघांकडे विचारून पाहिलं, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही अडचण सांगितली. मग गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले आणि रात्री मुंबईला निघाले.

लक्षात घ्या, खिशात भाड्याचे पैसे होते. शिक्षण होतं. संस्थानची नेमणूक होती. फक्त आडनाव चालत नव्हतं.

याला उत्तर देणारी माणसंही याच मातीत झाली. गाडगेबाबांनी नाशिक, पंढरपूर, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपुरात ज्यांना कुणी पडवीत घेत नव्हतं त्यांच्यासाठी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली, आणि पुढे ती आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. मे १९४७ मध्ये विठ्ठलाचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले, तेव्हा त्यांना जागा दिली ती तनपुरे महाराजांच्या मठाने. वातावरण इतकं तापलेलं असताना कुणाला आपल्या छपराखाली घ्यायचं हा निर्णय साधा नव्हता.

मग राज्यघटना आली. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांचा थेट उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कुणाला तिथे अडवता येणार नाही. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने, ज्याला आज आपण नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतो, धर्मशाळा, सराय, मुसाफिरखाना यांची नावं घेऊन अस्पृश्यतेपायी प्रवेश नाकारणं हा गुन्हा ठरवला. त्यातल्या 'हॉटेल' या शब्दात लॉजिंग-बोर्डिंगही येतं. कायदा करणाऱ्यांनी हे शब्द उगाच घातलेले नाहीत. त्या प्रत्येक शब्दामागे कुणीतरी बाहेर काढलेली रात्र आहे.

त्यानंतरचा काळ आपल्या डोळ्यासमोरचा. १९९७ ला सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावली, मालवण-तारकर्लीकडे घराघरांत पाहुण्यांसाठी खोल्या निघाल्या. २०१२ ला कास जागतिक वारसा यादीत गेलं आणि आपल्याकडेही फुलांच्या हंगामात गर्दी वाढली. गावातल्या बाईच्या हातात भाकरी-पिठल्याचे पैसे आले. चांगलीच गोष्ट आहे, वाढली पाहिजे.

पण खोलीसाठी फोन केलाय कधी? मी दरवर्षी करतो. किती माणसं? व्हेज की नॉनव्हेज? गाडी आहे का? आणि मग अगदी सहज, "आडनाव काय म्हणालात?" काही ठिकाणी हा प्रश्न नुसता नोंदीसाठी असतो. काही ठिकाणी उत्तर ऐकल्यावर दोन सेकंद शांतता पसरते आणि मग "थांबा हं, बघून सांगते, बहुतेक भरलंय." माझे काही मित्र हल्ली आडनाव न सांगता गाव सांगतात. एक जण बायकोच्या मैत्रिणीच्या नावाने बुकिंग करतो. बडोद्याच्या रजिस्टरातलं ते खोटं पारशी नाव आठवा, आणि सांगा काय बदललं.

खोल्या देणारे म्हणतील, घर आमचं, देवघर आमचं, स्वयंपाकघर आमचं. मान्य. दारू चालणार नाही म्हणा, रात्री दहानंतर आवाज नको म्हणा, मांसाहार बाहेर करा म्हणा. पाहुणा आल्यावर ओळखपत्राची प्रत घ्या, ते सुरक्षेसाठी लागतंच. नियम कितीही कडक ठेवा, पण सगळ्यांना एकच ठेवा. ज्या दिवशी दारावर दराची पाटी लावली, त्या दिवशी ते नुसतं घर राहिलं नाही. सरकारी योजनेचा लाभ, रस्ता, जाहिरात हे सगळं घेताना तो धंदा असतो, आणि आडनाव विचारताना ते घर होतं, असं चालायचं नाही.

आपल्या तालुक्यात खोल्या देणारी बरीच मंडळी ही पोस्ट वाचतात. त्यांना एवढीच विनंती. या हंगामात फोन आला की माणसं किती, दिवस किती, जेवण काय, एवढंच विचारा. बुकिंग नावावर घ्या, आडनावाशिवाय. आणि पाहुणा कुणीही असो, दारात आला की आधी तांब्याभर पाणी द्या. आपल्या जिल्ह्यावर एका रात्रीचं पाणी उधार आहे.