जुन्या मोटारीची थरथर आणि सूर्यघड्याळ

१/४ चाके, टायर, इंजिन सारे तपासूनही जुन्या मोटारीची थरथर थांबत नाही, तेव्हा दोष अनेकदा प्रॉपेलर शाफ्टच्या युनिव्हर्सल जॉइंटमध्ये असतो. हा सांधा मोटारीहून कितीतरी जुना आहे.

२/४ रॉबर्ट हुक यांनी १६७६ मध्ये त्याचे वर्णन केले. कोनात फिरताना पुढचा दांडा प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग घेतो, दोनदा मंदावतो. सपाट सूर्यघड्याळावरची सावलीही अशीच असमान सरकते. हुक यांना ही विषमता उपयोगाची वाटली.

३/४ मोटारीत तोच गुण दोष ठरला. म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना सांधे आले. कोन समान आणि शाफ्टवरचे दोन्ही योक एका रेषेत असले, की एकाची विषमता दुसरा पुसतो.

४/४ जोडणीत स्प्लाइनचा एक दात चुकला, तरी हा मेळ बिघडतो. म्हणूनच जाणता मेकॅनिक शाफ्ट सोडवण्यापूर्वी त्यावर खूण करतो.