अकोल्याचा नळ आणि वाशिमचं रान

मंडळी, अकोला शहराला पाणी मिळतं ते महानच्या धरणातून, म्हणजे काटेपूर्णा प्रकल्पातून. हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण महानच्या धरणात पाणी कुठून येतं, हे फारसं कोणी विचारत नाही. ते येतं आपल्याकडून. काटेपूर्णा नदीचा उगम वाशिम जिल्ह्याच्या डोंगराळ भागात आहे. मालेगाव तालुक्यातून ती उत्तरेकडं वाहते आणि मग अकोला जिल्ह्यात शिरते. धरणाच्या वरच्या अंगाला, फुगवट्याच्या काठाकाठानं जे जंगल पसरलंय, तेच आपलं काटेपूर्णा अभयारण्य.

आज त्याचा इतिहास थोडा सविस्तर लिहितोय. हा इतिहास जनावरांचा आहे, पाण्याचा आहे आणि थोडा हिशोबाचाही आहे.

आधी आपल्या जमिनीचा उतार समजून घ्या. वाशिम जिल्हा अजिंठ्याच्या डोंगररांगेवर बसलाय. उत्तर उतारावर पडलेलं पाणी काटेपूर्णेतून पूर्णेला, पूर्णेतून तापीला आणि शेवटी अरबी समुद्राला जातं. दक्षिण आणि पूर्व बाजूचं पाणी अडाण, अरुणावतीतून पैनगंगेच्या खोऱ्यात उतरतं आणि गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागराला मिळतं. एकाच जिल्ह्यात पडलेला पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो. ऐकायला छान वाटतं, पण याचा दुसरा अर्थ असा की आपण माथ्यावर आहोत. पाणी आपल्याकडं पडतं आणि खाली निघून जातं. माथ्यावरच्या माणसाच्या हातात एकच गोष्ट असते, ती म्हणजे पाणी किती हळू जाऊ द्यायचं. आणि पाणी हळू जाऊ देण्याचं काम जंगल आणि गवत करतं.

हे जंगल आणि गवत कमी कसं होत गेलं?

१८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ पर्यंत मुंबईहून निघालेली रेल्वे अकोल्यावरून नागपूरला पोचली. कापूस पेरायला जमीन पाहिजे होती. ती जमीन कुठून आली? माळरानातून, गायरानातून, गवताच्या पट्ट्यांतून. रेल्वेला लाकूड पाहिजे होतं, ते जंगलातून आलं. पाठीवर माल लादलेल्या बैलांचे तांडे घेऊन देशभर फिरणाऱ्या बंजारा समाजाचा व्यापार त्याच रेल्वेनं मोडला. ज्या माळांवर त्यांचे हजारो बैल चरायचे, ते माळही हळूहळू नांगराखाली गेले. पोहरादेवी आपल्याच जिल्ह्यात आहे, म्हणून ही गोष्ट आपल्याला परकी नाही.

१८८६ साली वऱ्हाडचा वन कायदा आला. जंगलाचे वर्ग पाडले गेले. लाकडाचं आणि सरपणाचं जंगल एका वर्गात, गवताचे रमणे आणि बाभूळबनं दुसऱ्यात, चराईची रानं तिसऱ्यात. कायद्यानं काही जंगल वाचलं, हे खरंच आहे. पण वाचवलं ते लाकूड आणि गवताच्या उत्पन्नासाठी. त्या रानात राहणाऱ्या जनावराचा विचार तेव्हाच्या सरकारनं केला तो मुख्यतः शिकारीपुरता.

जनावरासाठी म्हणून कायदा यायला १९७२ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी देशाचा वन्यजीव संरक्षण कायदा झाला. आपल्याकडं सत्तरच्या दशकात महानचं धरण उभं राहिलं. उपयुक्त साठा ८६.३५ दलघमी. एका बाजूला सागवानी, पानगळीचं कोरडं जंगल होतंच, आता त्याच्या पोटात पाणी आलं. उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या या मुलखात बारमाही पाणी म्हणजे जनावरांना जत्राच. १९८८ साली धरणाच्या परिसरातलं सुमारे ७४ चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर झालं. तेव्हा सगळा एकच अकोला जिल्हा होता. १ जुलै १९९८ ला वाशिम वेगळा झाला आणि अभयारण्याच्या मधून जिल्ह्याची हद्द गेली. चौसिंग्याला ती हद्द कळत नाही. माणसांना मात्र कळते, आणि खरा गुंता तिथूनच सुरू होतो.

चौसिंग्याचं नाव घेतलं आहे तर त्याच्याबद्दल थोडं सांगतो. चार शिंगं असलेला हा जंगली प्राणी जगात फक्त भारतात आणि नेपाळात आहे. आकारानं शेळीएवढा, लाजरा, कळपानं न राहणारा. त्याला झाडोरा लागतो, उंच गवत लागतं आणि पाणी जवळ लागतं. पाण्यापासून तो फार लांब राहू शकत नाही. म्हणजे काटेपूर्णेसारखीच जागा त्याला पाहिजे. काटेपूर्णा ओळखलं जातं ते या चौसिंग्यासाठी आणि भेकरासाठी. सोबत बिबट आहे, तडस, लांडगा, रानमांजर, रोही, रानडुक्कर, मोर आहेत. हिवाळ्यात जलाशयाचं पाणी मागं सरकतं, काठावर ओला गाळ उघडा पडतो. त्या गाळात किडे, गोगलगायी, कोवळं गवत असतं, आणि तेच खायला उत्तरेकडून बदकं आणि पाणथळीतले पक्षी येतात. धरण भरलेलं असताना जितकं महत्त्वाचं, तितकंच ते उतरतानाही महत्त्वाचं असतं, हे पक्ष्यांकडून शिकावं.

याच अभयारण्याचं एक धाकटं भावंड आपल्या जिल्ह्यात आहे. कारंजाजवळचं कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य. २००० साली जाहीर झालं, सुमारे १८ चौरस किलोमीटर. इथं जंगल शोधायला गेलात तर निराश व्हाल, कारण हे माळरान आहे. काळविटाला झाडी नकोच असते. त्याला मोकळं गवत पाहिजे, लांबवर दिसलं पाहिजे, धोका आला की पळायला जागा पाहिजे. ज्या चित्त्यानं त्याला हा वेग शिकवला तो चित्ता १९५२ साली भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं, पण काळवीट अजून तसंच पळतं. आपल्याकडं माळ दिसला की "पडीक जमीन" म्हणायचं आणि त्यावर झाडं लावायला निघायचं, अशी एक सवय लागलीय. सोहोळचा माळ पडीक नाही. कापसाच्या लाटेतून उरलेल्या जुन्या वऱ्हाडी गवताचा तो तुकडा आहे.

आता हिशोबाकडं येऊ.

जंगल राखायचं म्हणजे काठावरच्या गावांनी काय सोसायचं, ते शहरातल्या माणसाला दिसत नाही. अभयारण्यात चराईवर नियम आहेत, लाकूडफाट्यावर बंदी आहे. आणि रात्री रोह्यांचा कळप नाहीतर रानडुकरं वावरात शिरली की सोयाबीन, तूर, हरभरा एका रात्रीत आडवा होतो. ऐन थंडीत माणूस धुऱ्यावर मचाण बांधून जागल करतो. सकाळी पुन्हा त्याच वावरात कामाला. पीकनुकसानीची भरपाई असते, पण अर्ज, पंचनामा, चकरा यात मजुरी बुडते ती कोण मोजतो? अशा माणसाला "निसर्ग वाचवा" म्हणून सांगायला जाणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं आहे. रोही त्याच्या वावरात का येतो, याचं उत्तर वर लिहिलेल्या इतिहासात आहे. त्याचा माळ दीडशे वर्षांत आपण सगळ्यांनी मिळून खाल्ला, आणि त्याची किंमत आज काठावरचा एकटा शेतकरी भरतोय.

त्यात भर म्हणून समृद्धी महामार्ग आला. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता काटेपूर्णा आणि कारंजा-सोहोळ या दोन्ही अभयारण्यांच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्रातून जातो. रस्त्याच्या खालून आणि वरून जनावरांसाठी वाटा ठेवल्यात, ही चांगली गोष्ट आहे. पण वाट नुसती बांधून चालत नाही. तिच्या दोन्ही तोंडांशी रान शिल्लक राहिलं पाहिजे. २०१९ साली टिपेश्वरचा एक तरुण वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन यवतमाळ, तेलंगण, मराठवाडा असा हजार किलोमीटरांहून जास्त फिरून बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. असा प्रवास शक्य होतो तो मधल्या छोट्या छोट्या रानांमुळे. आपली दोन्ही अभयारण्यं अशीच मधली रानं आहेत.

मग करायचं काय? मला वाटतं, काटेपूर्णेच्या जंगलाला आपण पाणीपुरवठा योजनेचाच भाग मानलं पाहिजे. धरण, पंप, जलवाहिनी यांच्या देखभालीला जसा पैसा ठेवला जातो, तसा धरणाच्या वरच्या जंगलालाही. जंगल तुटलं की पहिल्या पावसात माती वाहून येते, गाळ धरणात बसतो, साठा कमी होतो. मग कमी पावसाच्या वर्षी अकोल्याच्या नळाचे दिवस लांबतात.

हा विचार नवा नाही. मुंबईनं १८९२ साली तानसा धरण बांधलं, आज त्याच्या भोवती अभयारण्य आहे. विहार आणि तुळशी हे तलाव बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत आहेत. न्यूयॉर्क शहरानं १९९७ साली एक करार केला. पाणी शुद्ध करायचा प्रचंड खर्चाचा कारखाना उभारण्याऐवजी डोंगरातल्या पाणलोटावर, तिथल्या गावांवर आणि शेतकऱ्यांवर पैसा खर्च करायचा. खालच्या शहरानं वरच्या गावाला सांभाळलं, कारण त्यात शहराचाच फायदा होता.

अकोल्यानं हेच करावं. वाशिमच्या बाजूनं ही मागणी लोकप्रतिनिधींनी दोन्ही जिल्ह्यांच्या नियोजन समितीत मांडावी. काठावरच्या गावांना सामूहिक कुंपण, वेळेत भरपाई, स्वयंपाकाचा गॅस, आणि जंगलातल्या कामात पहिला हक्क. २०१८ साली नीती आयोगानं वाशिमला आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातलं, म्हणजे आपण मागास आहोत हे कागदावर मान्य आहे. मागास जिल्हा शेजारच्या शहराचं पाणी फुकट राखतोय, हेही एकदा कागदावर यायला पाहिजे.

बुद्ध पौर्णिमेला पाणवठ्यावरच्या मचाणावर बसायला आपली पोरं हौसेनं जातात. जरूर जावं. पण तडस किती दिसले, चौसिंगा दिसला का, हे मोजताना आणखी एक मोजणी करा. काठावरच्या किती वावरांत त्या रात्री जागल चालू होती? ती संख्या ज्या वर्षी कमी व्हायला लागेल, त्या वर्षी अभयारण्य खरोखर वाचलं असं म्हणता येईल.

मालेगाव, मंगरूळपीर, बार्शीटाकळी भागातल्या मंडळींनी आपला अनुभव खाली जरूर लिहावा. नुकसानीचाही लिहा, आणि रानात काय दिसलं तेही लिहा. दोन्ही एकाच जागी आलं तरच हा हिशोब पुरा होईल.