पोलंड देशाची ओळख



हल्ली आपल्या तालुक्यातूनही मुलेमुली शिक्षणासाठी परदेशी जाऊ लागली आहेत. यात्रा कंपनीबरोबर विमानाने जग पाहून येणारी वडीलधारी मंडळीही आता नवलाची राहिली नाहीत. युरोप म्हटले की लंडन, पॅरिस नि स्वित्झर्लंडचा बर्फ आठवतो. पोलंडचे नाव क्वचितच निघते. वास्तविक या देशाचे आणि आपल्या महाराष्ट्राचे नाते ऐंशी वर्षांहून जुने आहे, आणि ते आसऱ्याचे नाते आहे. तिकडे जाण्याचा ज्यांचा मानस असेल, त्यांनी हा इतिहास जाणून मगच पाऊल ठेवावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

पोलंडच्या पश्चिमेस जर्मनी, दक्षिणेस चेक व स्लोव्हाकिया, पूर्वेस युक्रेन व बेलारूस आणि उत्तरेस बाल्टिक समुद्र. विस्तार सुमारे ३ लाख १२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहून किंचित मोठा. वस्ती मात्र पावणेचार कोटींच्या आसपास, म्हणजे आपल्या निम्मीसुद्धा नाही. व्हिस्चुला ही तिथली गोदावरी. ती दक्षिणेच्या डोंगरात उगम पावते आणि क्राकोव्ह व वॉर्सा शहरांवरून वाहत जाऊन समुद्राला मिळते. देश बहुतेक सपाट आहे. सपाट मुलुखात गहू, राय, बटाटा उत्तम पिकतो, पण शत्रूला अडवायला ना घाट ना डोंगर!

तसेच घडले. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तीन बलाढ्य शेजाऱ्यांनी १७७२, १७९३ आणि १७९५ साली पोलंडचे लचके तोडले, आणि पुढची १२३ वर्षे पोलंड नावाचा देश नकाशावर उरला नाही. शाळांत रशियन वा जर्मन भाषा लादली गेली. १९०१ साली व्झेश्निया गावच्या लहान मुलांनी धर्माचा पाठ जर्मनमध्ये म्हणण्यास नकार दिला, म्हणून त्यांना छड्यांचा मार बसला. तरीही भाषा मेली नाही, कारण ती घराघरांत आयांनी जपली. निजामाच्या राज्यात शाळेतल्या वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू असताना मराठवाड्याची मराठी जात्यावरच्या ओव्यांत आणि भजनांत कशी टिकली, हे आपल्या आज्या-पणज्यांनी आपल्याला सांगितलेच आहे. म्हणून पोलंडचे हे दुःख आपल्याला लवकर कळते.

त्याच काळात, १८६७ साली, वॉर्सा येथे एक मुलगी जन्मली. तिथल्या विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता, म्हणून ती लपूनछपून चालणाऱ्या वर्गांत शिकली. स्वतः दुसऱ्यांच्या घरी शिकवणीची नोकरी करून तिने आधी बहिणीच्या शिक्षणाला पैसे पाठवले आणि मग आपण पॅरिसला गेली. हीच मादाम मेरी क्युरी. तिला १९०३ आणि १९११ अशी दोनदा नोबेल पारितोषिके मिळाली. १८९८ साली तिने व तिच्या पतीने नवे मूलद्रव्य शोधले, तेव्हा त्याला ‘पोलोनियम’ हे नाव दिले. जो देश नकाशावरून पुसला गेला होता, त्याचे नाव एका लेकीने विज्ञानाच्या पुस्तकात कायमचे लिहून ठेवले.

१९१८ साली देश पुन्हा स्वतंत्र झाला आणि त्याच साली तिथल्या स्त्रियांना मताचा अधिकारही मिळाला. पण हे सुख एकवीस वर्षेच टिकले. १ सप्टेंबर १९३९ रोजी पश्चिमेकडून हिटलरच्या फौजा शिरल्या आणि १७ सप्टेंबरला पूर्वेकडून रशियाच्या. आपण १७ सप्टेंबरला ध्वज उभारून मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो; पोलंडमध्ये त्याच तारखेला घराघरांत जुनी जखम भळभळते.

पूर्व पोलंडमधील लाखो माणसांना १९४० व १९४१ साली मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकले. थंडीने आणि भुकेने घरेच्या घरे उजाड झाली. पुढे हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा या लोकांची सुटका झाली. धडधाकट पुरुष जनरल अँडर्स यांच्या सैन्यात भरती झाले. मागे राहिल्या बाया, पोरे आणि म्हातारी माणसे. ती इराणात उतरली. पण पुढे जायचे कुठे?

तेव्हा हिंदुस्थानाने दार उघडले. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंह यांनी १९४२ साली बालाचडी येथे सुमारे हजार मुलांना पोटाशी धरले. आणि १९४३ साली कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी मोठी छावणी उभी राहिली. तिथे सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले, बहुतेक स्त्रिया आणि मुले. बराकींची गल्ल्यागल्ल्यांची वस्ती, शाळा, दवाखाना, प्रार्थनामंदिर, नाटकाचे सभागृह, सारे काही होते. घरधनी दूर रणांगणावर, आणि इथे पंचगंगेच्या काठी त्या माउल्यांनी परमुलखात चूल मांडली, मुलांना आपल्या भाषेत शिकवले, आपले सण सांभाळले. १९४७-४८ साली रझाकारांच्या भयाने आपल्या भागातल्या ज्या बाया कडेवर पोर घेऊन पैनगंगेपलीकडे गेल्या, त्यांना हे चित्र वेगळे वाटले नसते.

युद्ध संपले, पण ज्या मुलुखातून त्यांना उचलून नेले होते तो रशियाने ठेवून घेतला. त्यामुळे बहुतेकांना परतायला घर राहिले नाही. कोणी इंग्लंडला, कोणी ऑस्ट्रेलियाला, कोणी मायदेशी गेले आणि १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. जे मागे वारले, त्यांच्या कबरी कोल्हापुरात आहेत. रिकाम्या बराकींत फाळणीने उजाड झालेले सिंधी बांधव आले आणि तिथेच आजचे गांधीनगर वसले. एका निर्वासिताची विझलेली चूल दुसऱ्या निर्वासिताने पेटवली, असे म्हणावे लागेल.

आता तिकडे जाणाऱ्यांसाठी थोडे. पोलंड २००४ पासून युरोपीय संघात आहे. व्हिसा शेंगेनचा लागतो, पण नाणे त्यांचे स्वतःचे, झ्लोटी. मे ते सप्टेंबर हे महिने बरे. हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो. वॉर्साचे जुने शहर जर्मनांनी १९४४ साली जमीनदोस्त केले होते. लोकांनी जुनी चित्रे आणि नकाशे पाहून ते जसेच्या तसे पुन्हा बांधले. जुनी राजधानी क्राकोव्ह आणि तिथला वावेल किल्ला पाहावा. जवळच व्हिएलिच्का येथे मिठाची खाण आहे. तीत जमिनीखाली शंभर मीटरांवर मिठात कोरलेले मंदिर आणि मिठाचीच झुंबरे आहेत. ऑशविट्झ येथे हिटलरने सुमारे ११ लाख माणसे मारली, त्यांतले बहुतेक ज्यू. तिथे फोटोची हौस बाजूला ठेवून हात जोडून फिरावे. चेंस्तोखोव्हा येथे काळ्या वर्णाच्या मेरीमातेचे चित्र आहे. त्याच्या दर्शनाला दर ऑगस्टमध्ये लोक दूरदूरच्या गावांहून पायी येतात. वॉर्साची दिंडी १७११ पासून चालू आहे. पंढरीची वाट चाललेल्या बाईला तिथे परके वाटणार नाही.

शाकाहारी माणसाने बटाटा व पनीर भरलेले ‘पिएरोगी’ मागावे. ते आपल्या उकडलेल्या करंजीसारखे असते. कोणाच्या घरी गेल्यास पायताण दारात काढावे. फुले न्यायची तर विषम संख्येने न्यावीत, आणि शेवंती मुळीच नेऊ नये, कारण ती तिथे कबरीवर वाहतात. नाताळच्या आदल्या रात्री तिथे घरोघरी बिनमांसाचे जेवण असते आणि अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक ताट जास्तीचे मांडतात. ज्यांनी परक्याच्या दारी आसरा मागितला, त्यांच्या घरचे हे रिकामे ताट पाहून मन भरून येते.

वॉर्सा शहरात कोल्हापूरच्या आठवणीचा फलक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिले. वळिवड्यातही २०१९ साली स्मृतिस्तंभ उभारला गेला. ज्या भगिनींना परदेशाचा खर्च झेपणार नाही, त्यांनी अंबाबाईच्या दर्शनाला गेल्यावर तेवढी वाट वाकडी करावी आणि मुलांना बरोबर न्यावे. कोणाला घर दिल्याची खूण पाहायला व्हिसा लागत नाही.