घरी ठेवलेले मूल

पावसाळा सुरू झाला, की शाळेच्या सूचनाफलकावर एक ओळ हमखास दिसते. मुलाला ताप, खोकला किंवा अंगावर पुरळ असल्यास त्याला शाळेत पाठवू नये. आपण ती वाचतो आणि पुढे जातो. पण या एका ओळीमागे मोठा इतिहास आहे. घर, देव, सरकार, डॉक्टर आणि शाळा या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. तो आपण कधी एकत्र पाहत नाही, म्हणून हा लेख.

सुरुवात घरातून करू. आमच्या आईच्या पिढीतल्या बायकांच्या दंडावर देवीची लस टोचल्याचे गोल वण आजही दिसतात. त्यांच्या आधीच्या पिढीने देवीचा रोग डोळ्यांनी पाहिला होता. घरात कुणाला 'देवी आल्या', की दारात कडुनिंबाचा पाला बांधायचा. फोडणीचा वास येऊ द्यायचा नाही. परक्या माणसाने उंबरठा ओलांडायचा नाही आणि आजारी पोराने बाहेर पडायचे नाही. हे सगळे शीतळादेवीचा कोप होऊ नये म्हणून. जंतू हा शब्दही तेव्हा कुणाला ठाऊक नव्हता. तरीही पोर खोलीतच राहायचे, हे महत्त्वाचे.

यात अज्ञानही होते, हे नाकारता येत नाही. देवीचा कोप म्हणून औषध टाळले गेले, लस टोचून घ्यायला विरोध झाला. मुंबईत १८०२ साली तीन वर्षांच्या एका मुलीला देवीची लस टोचली, ती भारतातली पहिली. देवीचा शेवटचा भारतीय रुग्ण सापडला १९७५ च्या मे महिन्यात. म्हणजे लस हाती आल्यावरही हा रोग हटायला पावणेदोनशे वर्षे लागली.

पण घरात ठेवण्याच्या रूढीचा उपयोग का होत होता, हे आज आपल्याला सांगता येते. देवीचा रुग्ण पुरळ उठण्याआधी सहसा रोग पसरवत नसे. पुरळ उठल्यावरच्या पहिल्या आठवड्यात तो सर्वांत जास्त पसरवी. म्हणजे अंगावर फोड दिसल्यावर दार लावले तरी पुष्कळसे साधत असे. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने देवी हटवताना हेच तत्त्व वापरले. रुग्ण शोधा, त्याला वेगळे ठेवा आणि भोवतालच्या माणसांना लस टोचा. १९८० साली जग देवीमुक्त जाहीर झाले.

रोगराईने काय होते हे आम्हा गोवेकरांना वेगळे सांगायला नको. एकेकाळचे वैभवशाली जुने गोवे वारंवार येणाऱ्या साथींनी ओस पडत गेले. १७५९ साली व्हाइसरॉयने आपला मुक्काम पणजीला हलवला आणि १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली. आजारी माणसाला शहरापासून दूर ठेवणे जमले नाही, तेव्हा शहरच माणसांनी सोडले.

आजारी माणसाला वेगळे ठेवायचे काम सरकारने हाती घेतले, की काय होते, ते प्लेगने दाखवले. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या वर्षी साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात सोजीर घरात शिरून रुग्ण शोधू लागले आणि त्यांना ओढून नेऊ लागले. लोकांचा संताप इतका वाढला, की जून १८९७ मध्ये प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. पण त्याहून जास्त नुकसान वेगळेच होते. लोक रुग्ण लपवू लागले. भीतीपोटी लपवलेला रुग्ण वेगळा राहत नाही, तो घरभर रोग देतो.

त्याच वर्षी, त्याच पुण्याजवळ दुसरे चित्रही होते. सावित्रीबाई फुले यांच्या दत्तक पुत्राने, डॉ. यशवंत यांनी, हडपसरजवळ प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या एका मुलाला प्लेग झाल्याचे कळले, तेव्हा सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यात त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. १८४८ साली मुलींना शिकवायला उभी राहिलेली ही शिक्षिका शेवटी एका आजारी मुलासाठी गेली. सोजिरांना आणि सावित्रीबाईंना, दोघांनाही रुग्ण घरातून बाहेर न्यायचा होता. एकाने धाक घातला, दुसऱ्याने पाठ दिली. एवढाच फरक, पण सगळा इतिहास त्यात आहे.

आता शाळेकडे येऊ. शाळा म्हणजे गावभरची मुले एका छपराखाली आणण्याची सोय, आणि म्हणून रोगाचीही सोय. अमेरिकेत बोस्टन शहरात घटसर्पाची साथ चालू असताना १८९४ साली शाळांसाठी डॉक्टर नेमले गेले. ते रोज शाळेत जात आणि आजारी दिसणाऱ्या मुलाला घरी पाठवत. न्यूयॉर्कनेही हा कित्ता गिरवला. पण तिथे वेगळीच गंमत झाली. खरूज, नायटा, डोळे येणे अशा कारणांवरून हजारो मुले घरी धाडली गेली. घरी औषध करणारे कुणी नव्हते. आईबाप कामावर असत आणि चिठ्ठीत काय लिहिले आहे हे अनेकांना वाचताही येत नसे. मग ही मुले गल्लीत खेळत. कुणाबरोबर? शाळा सुटल्यावर त्याच वर्गमित्रांबरोबर.

गरीब वस्तीत काम करणाऱ्या लिलियन वॉल्ड या परिचारिकेला यातला फोलपणा दिसला. तिच्या आग्रहाने ऑक्टोबर १९०२ मध्ये लीना रॉजर्स ही परिचारिका काही शाळांत प्रयोगादाखल नेमली गेली. किरकोळ दुखण्यावर ती शाळेतच औषध लावी आणि बाकीच्यांच्या घरी जाऊन आईला समजावून सांगे. वर्षभरात घरी धाडल्या जाणाऱ्या मुलांची संख्या सुमारे नव्वद टक्क्यांनी घटली. नियम बदलला नव्हता. नियमामागे एक माणूस उभा राहिला होता.

म्हणूनच १९१८ च्या इन्फ्लुएंझात अमेरिकेतल्या बहुतेक शहरांनी शाळा बंद केल्या, तेव्हा न्यूयॉर्कने त्या चालू ठेवल्या. दाटीवाटीच्या चाळीत बसण्यापेक्षा मुले डॉक्टर आणि परिचारिकेच्या नजरेखाली बरी, असा हिशेब होता. तो बरोबर होता की नाही, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. आपल्याकडे त्याच साथीने एक कोटीहून जास्त माणसे नेली.

गोव्यात १९६३ साली भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. वाड्यावाड्यावरची मुले प्रथमच एका बाकावर बसली. या शाळांचे ऋण आपण मानतोच. पण एका बाकावर बसणे म्हणजे गोवर, कांजिण्या आणि गालगुंडही वाटून घेणे. इथे देवीच्या वेळची जुनी युक्ती अपुरी पडते. गोवर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून पसरू लागतो आणि पुरळ उठल्यावर आणखी चार दिवस पसरतो. कांजिण्याही फोड येण्याच्या एकदोन दिवस आधीपासून पसरतात आणि सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत. आईच्या लक्षात येईपर्यंत निम्मे काम झालेले असते. म्हणून अशा रोगांत मूल घरी ठेवणे हवेच, पण त्याच्या जोडीला लसही हवी. २०१७ च्या फेब्रुवारीत गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम निघाली, तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या मोजक्या राज्यांत गोवा होता. ती लस पुष्कळशी शाळांतच टोचली गेली. रोग वाटणारी शाळा अशी संरक्षणही वाटू शकते.

मग प्रश्न उरतो तो कुणाचा? मी सरकारी कारकून आहे. रजेचे अर्ज माझ्या टेबलावरून जातात. 'मुलाला ताप' हे कारण बहुतेक वेळा बाईच्याच अर्जावर असते, बाप्याच्या अर्जावर क्वचित. डिसेंबरपर्यंत तिची किरकोळ रजा संपलेली असते. तरी ती भाग्यवान, कारण तिला रजा तरी आहे. काजूच्या कारखान्यात रोजावर जाणाऱ्या किंवा बाजारात भाजीची पाटी मांडणाऱ्या आईला एक दिवस घरी राहणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे. ती पोराला सकाळी तापाची गोळी देते आणि शाळेत पाठवते. दुपारी ताप पुन्हा चढतो. आपण तिला बेजबाबदार म्हणून मोकळे होतो. त्यातच काही शाळा अजून पूर्ण हजेरीचे बक्षीस देतात. तापात आलेल्या मुलाला ते मिळते आणि शेजारच्या बाकावरच्याला ताप मिळतो.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा सगळीच मुले घरी बसली. काही महिने सर्वांना कळले, की मूल घरी ठेवायला घरात एक मोठे माणूस लागते. ते कळणे फार काळ टिकले नाही.

इतक्या वर्षांचा हा इतिहास एकच गोष्ट सांगतो. आजारी मूल घरी ठेवा हा सल्ला बरोबरच आहे, पण तो पाळता यावा अशी सोय केली तरच तो सल्ला, नाहीतर नुसता हुकूम. धाकाने लोक लपवतात, आधाराने ठेवतात. शाळेने हजेरीचे बक्षीस बंद करावे, बुडालेला अभ्यास भरून द्यावा. कार्यालयाने बापालाही तितक्याच सहज रजा द्यावी. शेजारणीने एखादी दुपार सांभाळावी. आपल्या वाड्यावर हे पूर्वी होत होते, आताही अशक्य नाही. तुम्हाला काय वाटते, जरूर कळवा.